अंध मार्गनिर्माता

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीच्या परिसरात काळी, चिकण जमीन आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून इतकी मऊ होते की, भरल्या बैलगाडीचे चाक तीत रुतून बसते. अशा भूमीवर टिकाऊ रस्ता बांधणे हे मोठ्या कौशल्याचे काम होय. इंग्लंडच्या उत्तर भागातील काही भूमी तर याहूनही दुर्बळ आहे. कुजलेल्या वनस्पतींचे खोल थर तेथे साचले असून ते स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतात. त्या दलदलीवर रस्ते बांधणारा एक थोर पुरुष अंध होता!

त्याचे नाव जॉन मेटकाफ. १७१७ साली यॉर्कशायर परगण्यातील नेअर्सबरो गावी एका गरीब घरात त्याचा जन्म झाला. सहाव्या वर्षी देवीच्या रोगाने त्याची दृष्टी गेली. परंतु तो खचला नाही. तो पोहण्यास शिकला, घोड्यावर बसू लागला आणि व्हायोलिन वाजवून पोट भरू लागला. हातातील काठीच्या साहाय्याने तो दूरदूरच्या वाटा एकटा चालत असे. पुढे त्याने मालवाहू गाड्यांचा व्यवसाय केला. रस्ते कोठे व कशामुळे खचतात, हे त्याला या प्रवासांतच उमगले.

१७६५ साली त्याने तीन मैलांच्या रस्त्याचा मक्ता घेतला व तो उत्तम रीतीने पुरा केला. त्यानंतर कामामागून कामे त्याच्याकडे चालत आली.

हडर्सफील्ड व मँचेस्टर यांच्या दरम्यान मात्र त्याची खरी कसोटी लागली. तेथील वाट दलदलीतून जात होती. कठीण तळ लागेपर्यंत चिखल उपसावा, असे इतरांचे मत होते. मेटकाफला ते अतिशय खर्चाचे वाटले. आपली रीत फसल्यास रस्ता पुन्हा स्वखर्चाने बांधून देण्याची हमी त्याने दिली. लोक त्याला हसू लागले. परंतु त्याने दोन्ही बाजूंना चर खणून पाण्याला वाट करून दिली. मग रानातील झुडपांच्या मोळ्या बांधून त्या ओळीने दलदलीवर घट्ट बसविल्या आणि त्यांवर दगड व खडी पसरली. त्यामुळे गाड्यांचा भार एका जागी न पडता विस्तृत पृष्ठभागावर विभागला गेला. रस्ता खचला नाही. हसणारेच चकित झाले!

सुमारे तीस वर्षांत मेटकाफने जवळजवळ १८० मैल, म्हणजे २९० किलोमीटर लांबीचे रस्ते बांधले. १८१० साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, तो निधन पावला.

ज्याला स्वतःला वाट दिसत नव्हती, त्याने हजारो डोळस माणसांची वाट सुकर केली. भूमी दुर्बळ असली, तरी तिचा स्वभाव ओळखून काम करणाऱ्याला ती आधार देते, हेच त्याचे चरित्र सांगते.