डाल्टनचे डोळे

रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले की सुरुवातीलाच आपली गाठ पडते ती जॉन डाल्टनशी. अणुसिद्धांत, गुणित प्रमाणाचा नियम, वायूंचे आंशिक दाब. परीक्षेपुरता डाल्टन येथेच संपतो. परंतु या गृहस्थाने विज्ञानाला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे स्वतःचे डोळे. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

उत्तर इंग्लंडमधील ईगल्सफील्ड या खेड्यात १७६६ साली एका विणकराच्या घरी तो जन्मला. घराणे क्वेकर पंथाचे, साधी राहणी आणि साधा वेष मानणारे. बाराव्या वर्षीच तो गावच्या शाळेत मुलांना शिकवू लागला. १७९३ मध्ये मँचेस्टरला आला आणि शिकवण्या करीत जन्मभर तेथेच राहिला. लग्न केले नाही. १७८७ पासून हवामानाची जी रोजनिशी धरली, ती मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत सोडली नाही.

१७९२ साली त्याने जिरॅनियमचे एक गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले आणि तो चकित झाला. दिवसा आकाशी दिसणारे ते फूल आता लाल दिसत होते! मित्रांना विचारले, तर त्यांना असा काही फरक जाणवेना. फक्त सख्ख्या भावाला तो जाणवला. तेव्हा वयाच्या सव्विसाव्या वर्षी डाल्टनला उमगले, की आपली दृष्टी चारचौघांसारखी नाही. लाखेची तांबडी कांडी आणि लॉरेलचे हिरवे पान त्याला एकाच रंगाचे वाटत.

दुसरा कोणी असता तर ही उणीव झाकून ठेवता. डाल्टनने १७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेत त्यावर निबंध वाचला. वर्गातल्या पोरांची तपासणी केली, तेव्हा पंचवीसांत एखाददुसरा आपल्यासारखा निघतो असे त्याला आढळले. स्त्री मात्र एकही नाही. कारण म्हणून त्याने असे मांडले, की आपल्या डोळ्यातील काचेसारखा रस निळसर असावा आणि तो तांबडा प्रकाश शोषून घेत असावा. जिवंतपणी हे तपासणार कसे? मृत्यूनंतर डोळे काढून पाहावेत, असे त्याने सांगून ठेवले.

मधल्या काळात अणुसिद्धांताने त्याची कीर्ती झाली. १८३४ साली राजाच्या भेटीला तो ऑक्सफर्डच्या डॉक्टरकीचा लालभडक झगा घालून गेला. क्वेकराला असा रंग वर्ज्य. पण डाल्टनच्या डोळ्यांना तो भडक वाटतच नव्हता!

२७ जुलै १८४४ रोजी तो वारला. जोसेफ रॅन्सम या डॉक्टरने एका डोळ्यातील रस वॉचग्लासमध्ये ओतून पाहिला. तो अगदी स्वच्छ होता. दुसऱ्या डोळ्याचा मागचा भाग कापून त्यातून स्वतः पाहिले, तरी लाल-हिरवे आपापल्या जागी. पन्नास वर्षे जपलेला तर्क एका दिवसात कोसळला. डोळे मात्र कोणी फेकून दिले नाहीत.

पुढचा निकाल लागायला दीडशे वर्षे गेली. १९९५ मध्ये लंडन व केंब्रिजच्या संशोधकांनी त्या वाळलेल्या डोळ्यांच्या तुकड्यातून डीएनए काढले. नेत्रपटलावरील शंकुपेशींत प्रकाश टिपणारी तीन रंगद्रव्ये असतात. त्यांपैकी तांबड्या व हिरव्या बाजूच्या द्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात आणि जुळ्यांसारखी सारखी असल्याने बीजपेशी तयार होताना त्यांची अदलाबदल चुकते, एखादे गळते. डाल्टनकडे तांबड्याचे जनुक होते, हिरव्याचे नव्हते. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते, म्हणून दोघे भाऊ एकसारखे. मुलीला दोन मिळतात, एक बिघडले तरी दुसरे निभावून नेते, म्हणून डाल्टनला स्त्री सापडली नाही. त्याच्याच काळात टॉमस यंगने तांबडा प्रकाश टिपणारे घटक त्याच्यात नसावेत असे म्हटले होते. तेही चूकच ठरले.

आणि ते फूल? जिरॅनियमची पाकळी तांबडा व निळा असे दोन्ही प्रकाश परत पाठवते. ज्याला हिरव्याचे द्रव्य नाही, त्याला दिवसा त्यातला निळाच ठळक दिसतो. मेणबत्तीच्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच. डाल्टनने जे पाहिले, ते बरोबरच पाहिले होते.