देवाच्या दरबारात कोण कुठे बसतो?





गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एका आजींच्या अंत्यविधीला आम्ही गेलो होतो. आजी लग्नानंतर कॅथलिक झालेल्या. माहेर मिरजेकडचे, प्रॉटेस्टंट. कबरीपाशी माणसे आपोआप दोन बाजूंना उभी राहिली. इकडे सासरचे, तिकडे माहेरचे. माहेरच्या पाळकसाहेबांना प्रार्थनेची संधी द्यावी की नाही, यावर सकाळी घरात कुजबुज झाली होती, आणि खरे सांगायचे तर त्यांना बोलावण्यासाठी आम्हीही दोन पावले पुढे टाकली नाहीत. ते छत्री धरून मागे उभे राहिले. आमची प्रार्थना संपली तेव्हा आजींच्या धाकट्या भावाने टिळकांचे एक भजन धरले. दुसऱ्या ओळीला आपली माणसेही गाऊ लागली. कुणाच्या हातात पुस्तक नव्हते. माती लोटून होईपर्यंत दोन बाजू उरल्या नव्हत्या.

परतताना गाडीत एका तरुणाने आम्हाला विचारले, की हे टिळक आपले की त्यांचे? आम्ही म्हणालो, त्यांचे. तो गप्प झाला. आम्हीही गप्प झालो, कारण उत्तर बरोबर असूनही ते कुठेतरी खोटे वाटले. येत्या १८ ते २५ जानेवारीला जगभर ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह पाळला जाईल. त्यानिमित्त त्या तरुणाच्या प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून हे लिहीत आहोत.

हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला फुलामुलांचे कवी म्हणून भेटलेले आहेत. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. आई जानकीबाई कवितेवर प्रेम करणारी. ती लवकर गेली आणि पोरवयातच नारायण घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे धडे घेतले. पुढे लग्न झाले. पत्नी मनकर्णिका म्हणजेच आपल्या लक्ष्मीबाई. संसार मात्र एका गावी स्थिर झाला नाही. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी नागपुरात संस्कृत ग्रंथांचे काम, अशी भ्रमंती चालूच राहिली.

या भटक्या माणसाला एक गोष्ट फार छळत होती. देशातली माणसे जातीजातींत विभागलेली आहेत. ती एका देवाची लेकरे म्हणून एकत्र कशी येतील? जातिभेद नसलेला एक नवा धर्म आपणच काढावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते. अशा मनःस्थितीत १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळकांनी ती शब्दाला दिलेल्या माणसाच्या नेटाने वाचायला घेतली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. तिथून पुढे त्यांना मागे फिरता आले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

भाविकांनो, इथे आपण घाई करू नये. माणसांना जोडणारा धर्म शोधायला निघालेल्या या माणसाचे पहिले पाऊल पडले आणि त्याचे स्वतःचे घरच दुभंगले. नातेवाईक तुटले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. टिळक त्यांना पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हाही त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. सोवळेओवळे त्यांच्यापासून सुटायला वेळ लागला, आणि तो वेळ टिळकांनी त्यांना दिला. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी लिहिलेले ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील अत्यंत प्रामाणिक आत्मचरित्रांपैकी एक आहे. ऐक्य घाईने होत नाही, हे टिळक पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघरात शिकले.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमी झाली. तिथल्या अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात ते शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. टिळकांच्या घराचे दार उघडेच असे. अनाथ मुले तिथे वाढली. बालकवी ठोमरे या घरात मुलासारखे राहिले. त्यांना कुणी धर्म विचारला नाही.

याच काळात त्यांची गीते जन्माला आली. त्यापूर्वी इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते आपल्या लोकांच्या तोंडी पुष्कळ होती. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन यांच्या वाटेने ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसाच्या ओठांवर आणली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी वारकऱ्यांचा पूल तोडून टाकला नाही. त्याच पुलावरून ये-जा चालू ठेवली.

आता आपण आपल्या भागाकडे येऊ. १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने जगायचे ठरवले आणि ते साताऱ्याला आले. मिशनशी त्यांचे भांडण नव्हते. पण परदेशी पैशावर जगणारा आणि परदेशी पंथांच्या नावांनी ओळखला जाणारा ख्रिस्ती माणूस आपल्याच शेजाऱ्याला परका वाटतो, ही त्यांची वेदना होती. पगार बंद झाल्यावर घर कसे चालणार, हा प्रश्न अर्थातच लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला.

त्यांची वेदना समजण्यासाठी त्या वेळचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन. मिरजेत डॉ. वानलेस यांचे रुग्णालय, ते प्रेस्बिटेरियन मिशनचे. गोव्याहून रेल्वेच्या किंवा इतर नोकरीसाठी आलेले लोक कॅथलिक. कुठल्या गावात कुठले मिशन आधी पोहोचले, यावर माणसाचा पंथ ठरे. वाद युरोपातले आणि वारस आपण! आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो, त्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णामाईला या रेषेची खबरही नाही. काही रेषा कारभारासाठी लागतात. त्या काळजावर ओढल्या गेल्या की घात होतो.

साताऱ्यात टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचे ते एक कुटुंब असावे, ही कल्पना. त्यात बाप्तिस्मा घेतलेले यावेत, न घेतलेलेही यावेत. जात विचारायची नाही, पंथ विचारायचा नाही. भजन, प्रार्थना, मनन आणि शेजाऱ्याची सेवा हाच तिथला कार्यक्रम. टिळकांनी भेदांवर व्याख्यान देण्यापेक्षा माणसांना एकत्र गायला बसवले, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. एकत्र गाणारी माणसे एकाच वेळी श्वास घेतात, एकमेकांसाठी थांबतात, दुसऱ्याचा सूर ऐकून आपला सूर जुळवतात. साधना म्हणतात ती हीच.

हा दरबार दोन वर्षेही चालला नाही. टिळक आजारी पडले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात प्रभूघरी गेले. आपल्या देहाला अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. त्या काळी ख्रिस्ती समाजात हे धक्कादायक होते. आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेने दहनाला मुभा दिली ती १९६३ साली. त्यांच्या अस्थी नगरला नेण्यात आल्या. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. टिळकांनी दहा-अकरा अध्याय लिहिले होते. एकेकाळी सोवळ्यात राहणाऱ्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढचे चौसष्ट अध्याय रचले.

कुणी म्हणेल, दरबार मोडला, मग उरले काय? टिळकांना जाणणारे इंग्रज धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे चरित्र प्रसिद्ध केले. संघाचा पुण्यातील आश्रम १९७०च्या दशकाच्या आरंभी पुन्हा सुरू झाला, तेव्हा कॅथलिक आणि अँग्लिकन धर्मभगिनी तिथे एकत्र राहू लागल्या. तिकडे १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याविषयीचे आदेशपत्र काढून आपल्याला प्रॉटेस्टंट भावंडांबरोबर प्रार्थना करण्यास उत्तेजन दिले. १९७० साली आपल्या भागातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये एक झाल्या. हे सारे टिळकांमुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण साताऱ्यात एका माणसाने ज्याची वाट पाहिली, ते पुढे इतरांनाही दिसले.

एक अडचण आम्ही लपवणार नाही. बाप्तिस्मा न घेताही शिष्य होता येते का, या प्रश्नावर आम्ही टिळकांबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. ख्रिस्तसभेत प्रवेश बाप्तिस्म्याच्या दारानेच होतो, ही आपली श्रद्धा आहे. प्रभुभोजनही आपण सर्वांबरोबर एकत्र घेऊ शकत नाही, आणि हे दुःख आहे. त्याला दुःखच म्हणावे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला भेद ओळखायला शिकवले गेले. त्याचा आम्हाला उपयोग झाला. परंतु भेद ओळखणे वेगळे आणि भेद करणे वेगळे. पहिले बुद्धीचे काम आहे. दुसरे पाप आहे, आणि कबरीपाशी आमच्या हातून ते घडले.

भेद फक्त प्रॉटेस्टंट मंडळींशीच आहेत असेही नाही. रविवारी वेदीवरून आम्हाला सगळे दिसते. गोव्याकडची कुटुंबे एका बाजूला, नगरकडून आलेली दुसऱ्या बाजूला, केरळचे मागच्या बाकांवर. आपल्यात कुणाचे पूर्वज कोणत्या जातीतून आले, हे अजून लग्ने जुळवताना विचारले जाते. मरणाच्या आदल्या रात्री प्रभूने आपण सर्व एक व्हावे म्हणून पित्याला विनवणी केली. ती विनवणी अजून आपल्या बाकांपर्यंत पोहोचलेली नाही.

म्हणून या सप्ताहासाठी तीन लहान गोष्टी सुचवतो. रोज संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत टिळकांचे एक गीत गा आणि ज्याच्याशी तुमचे बोलणे तुटले आहे त्याचे नाव देवापुढे घ्या. पुढच्या रविवारी मिस्साला आपली नेहमीची जागा सोडून दुसऱ्या कुणाशेजारी बसा. आणि गुरुवारी सायंकाळी ७ वाजता आपल्या सभागृहात भजनाला या. मागच्या आठवड्यात आम्ही त्या पाळकसाहेबांच्या घरी गेलो, झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि त्यांची मंडळी पेटी-तबला घेऊन येईल असे सांगितले.

गाडीतल्या त्या तरुणाने पुन्हा विचारले, तर आता आम्ही सांगू, की बाळा, टिळक आपले. तेही आपले.

प्रभू आपल्या धर्मग्रामाला एका दरबारात बसवो. आमेन.

तुमचे धर्मगुरू