फ्रेड आर्चर आणि वजनकाटा

मागच्या सेमला इंटरकॉलेज कुस्तीत ५७ किलोच्या गटात बसायचं म्हणून मी तीन दिवस मेसला दांडी मारली. विंगमधले सगळे कौतुकच करत होते. त्याच दिवसांत मी फ्रेड आर्चरबद्दल वाचलं. माझी शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठीत चुकलं तर सांभाळून घ्या, पण हा माणूस आपल्या होस्टेलला माहीत असायलाच हवा.

आर्चर हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्लंडचा सर्वात नावाजलेला जॉकी. जन्म ११ जानेवारी १८५७, चेल्टनहॅमचा. वडीलही जॉकीच. अकराव्या वर्षी तो न्यूमार्केटला मॅथ्यू डॉसन यांच्या तबेल्यात शिकायला गेला. पुढे १८७४ ते १८८६ अशी सलग तेरा वर्षं तो चॅम्पियन होता. पाच वेळा डर्बी जिंकला. एकूण विजय २७४८!

प्रॉब्लेम एकच होता, उंची. जवळजवळ पाच फूट दहा इंच. हिवाळ्यात रेस बंद असताना त्याचं वजन सत्तर किलोच्या आसपास जायचं आणि सीझनला ते पंचावन्नच्या घरात आणावं लागायचं. मग उपाशी राहायचं, टर्किश बाथमध्ये घाम गाळायचा आणि जुलाबाचं एक जालीम औषध घ्यायचं. हे वर्षानुवर्षं चाललं. पण तो जिंकत होता ना, मग त्याला आजार कोण म्हणणार?

नोव्हेंबर १८८४ मध्ये बाळंतपणानंतर त्याची बायको हेलन गेली. पहिला मुलगा आधीच गेला होता. तरी १८८५ मध्ये त्याने २४६ रेस जिंकल्या. ऑक्टोबर १८८६ मध्ये केंब्रिजशायर रेससाठी त्याने पुन्हा जवळजवळ काहीच न खाता वजन उतरवलं, आणि घोड्याच्या फक्त एका डोक्याच्या फरकाने हरला. त्यानंतर तापाने पडला. ८ नोव्हेंबर १८८६ ला, बायकोच्या बरोबर दुसऱ्या स्मृतिदिनी, त्याने स्वतःचा जीव घेतला. वय फक्त २९.

चौकशीत टायफॉइडमुळे मनाचा तोल गेला असं ठरलं. ताप होताच, दुःखही होतं. पण त्यांच्याशी लढायला त्या उपाशी शरीरात उरलं काय होतं, हा प्रश्न मला रात्रभर छळत होता.

खाण्याचे आजार फक्त मुलींना होतात असं आपल्याला वाटतं. मुलगा उपाशी राहिला की आपण त्याला जिद्द म्हणतो. जॉकी, पैलवान, बॉक्सर, सगळ्यांच्या मागे तो काटा असतोच. आज यावर उपचार आहेत.

चौथ्या दिवशी मी मेसला गेलो. मावशींनी काही न विचारता दोन पोळ्या जास्त वाढल्या. वरच्या गटात खेळलो आणि पहिल्याच फेरीत चीतपट झालो. चालतंय की! तुमच्या विंगमध्ये कुणी ताट टाळत असेल, तर त्याचं कौतुक करू नका. त्याच्याशेजारी जाऊन बसा, आणि गरज वाटली तर डॉक्टरकडे घेऊन जा.