न दुखणारा पाय आणि बाबा आमटे

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मी मराठीत लेख लिहिणार म्हटल्यावर रूममेट्स आधी हसल्याच. शुद्धलेखन सांभाळून घ्या, पण विषय माझ्या गावाकडचा आहे.

मी आलापल्लीची, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातली. लहानपणी आठवडी बाजारात एक आजोबा यायचे. चालताना गुडघा उंच उचलायचे आणि पाऊल फट्कन जमिनीवर आपटायचं. त्यांना महारोग झाला होता, असं मोठी माणसं म्हणायची. आम्ही पोरं त्यांच्या मागे तसंच चालून दाखवायचो. मीसुद्धा.

गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही पायाचा स्प्लिंट घेतला, तेव्हा त्या चालण्याचं कारण समजलं. कमरेच्या मणक्यांतून निघालेले तंतू एकत्र येऊन सायटिक नर्व्ह बनते. शरीरातली ही सगळ्यात जाड नस, जवळजवळ बोटाएवढी. मांडीच्या मागून स्नायूंच्या खाली ती सुरक्षित जाते आणि गुडघ्याच्या थोडं वर तिच्या दोन शाखा होतात. एक पोटरीतून तळपायाकडे जाते. दुसरी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालते आणि तिथे ती अगदी कातडीखाली असते. पायावर पाय टाकून बसलं की कधी कधी मुंग्या येतात, त्या हीच नस दाबली गेल्यामुळे. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून मांडीतली खोल नस बहुधा वाचते आणि ही उघड्यावरची शाखा सापडते. मग पाऊल वर उचलता येत नाही. तळपायाची नसही गेली तर काटा रुतला, निखारा लागला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि बोटं जातात. म्हणजे मूळ बिघाड केबलमध्ये!

हे समजल्यावर मी बाबा आमट्यांचं चरित्र पुन्हा वाचलं. मुरलीधर देविदास आमटे, जन्म 26 डिसेंबर 1914, हिंगणघाट. घरची जमीनदारी, शिकारीचा शौक, वरोऱ्यात वकिली. नगरपालिकेत असताना त्यांनी सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहिला. अशाच एका पावसाळी रात्री गटाराकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. शरीर झडलेलं, मरणाला टेकलेला. आणि बाबा घाबरून पळाले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पण ते परत आले, त्याच्यावर आडोसा उभा केला आणि शेवटपर्यंत त्याची सेवा केली.

पुढे त्यांनी कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगावरच्या उपचारांचं शिक्षण घेतलं. प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात जंतूही टोचून घेतले. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. बोटं गेलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती पिकवली. बाबांना भीक नको होती, काम हवं होतं. 1973 मध्ये त्यांनी आमच्या भामरागडच्या जंगलात, हेमलकसाला, माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, तो 1982 मध्ये झाला.

आणि गंमत बघा, ज्यांना दुखतच नाही अशा माणसांसाठी झटणाऱ्या बाबांचा स्वतःचा मणका सतत दुखायचा. कित्येक वर्षं त्यांना बसता येत नव्हतं. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तशाही अवस्थेत 1985 मध्ये ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले आणि 1990 मध्ये नर्मदेकाठी राहायला गेले. 9 फेब्रुवारी 2008 ला आनंदवनात ते गेले.

मित्रांनो, आज कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. वेळेवर घेतली तर नस वाचते. आमच्या जिल्ह्यात अजून नवे रुग्ण सापडतात. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, एवढं घरी नक्की सांगा.

त्या आजोबांचं नावही मी कधी विचारलं नाही. ते आता बाजारात दिसत नाहीत. बाबा पळाले होते, पण त्याच माणसापाशी परत आले. मला ते जमलं नाही. स्प्लिंट मात्र पूर्ण करणार आहे.