कराची ते जुहू, सव्वासात तास

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून १३ मार्च २०२२ रोजी इंदूर व हैदराबादसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. हैदराबादचे हवाई अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. असे अंतर तासांत मोजण्याची सवय देशाला लावण्यात जे. आर. डी. टाटा यांचा वाटा मोठा.

१९०४ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या जेआरडींना १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी भारत-इंग्लंड हवाई स्पर्धेत त्यांनी इजिप्तमध्ये अडकलेल्या प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर यांना स्पार्क प्लग देऊ केला. अस्पी जिंकले, जेआरडी अवघ्या काही तासांनी मागे पडले.

लंडनचे टपाल तेव्हा विमानाने कराचीपर्यंतच येई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते घेऊन जेआरडी पहाटे एकटेच निघाले. अहमदाबादेत इंधन बैलगाडीतून आले! दुपारी दोनच्या आत छोटे 'पुस मॉथ' जुहूला उतरले. सरकारी अनुदान नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, मग विमाने पुण्याहून सुटत.

१९५३ चे राष्ट्रीयीकरण त्यांना रुचले नाही. तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी १९७८ पर्यंत सांभाळले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, कराची-मुंबई मार्ग त्यांनी जुन्या धाटणीच्या विमानातून पुन्हा पार केला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.