साने गुरुजी व त्यांची सोपी लेखणी

येथे पोफळीस, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, मुलांकरिता एखादी गोष्ट लिहावयास बसलो म्हणजे मला प्रथम एकाच कादंबरीकाराची आठवण होते. ते ह्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांस साने गुरुजी म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड ह्या गावी झाला. घराणे खोताचे, परंतु कर्जापायी वैभव जाऊन दारिद्र्य आले. त्या दारिद्र्यातही आई यशोदाबाई हिने मुलाच्या ठायी दया व सचोटी ह्यांचे बीज पेरिले. हा मुलगा पुढे दापोलीच्या मिशन शाळेत शिकला, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. सन १९१७ मध्ये आई वारली. त्या वेळी तो शिक्षणाकरिता दूर होता. हा घाव त्यास जन्मभर पुरला.

एम. ए. झाल्यावर १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील छात्रालय त्यांजकडे होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धूत, आणि मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढीत. माझ्या मते त्यांची भाषा घडली ती येथेच. आपले लिहिणे ज्यास रोज शाळकरी मुलांपुढे ठेवावयाचे आहे, त्यास जड शब्दांचा डौल परवडत नाही.

सन १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले व तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. पुढे नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ ह्या पाच दिवसांत, दिवसाचे काम उरकून त्यांनी 'श्यामची आई' ह्या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहिला. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. श्याम बेचाळीस रात्री आपल्या सोबत्यांस आईच्या आठवणी सांगतो, एवढीच त्याची मांडणी. मोरी गाय, पत्रावळ, कांडण करणारी मथुरी, असे आपल्या घरादारांतले विषय. एका रात्री म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरील मोळी पडते व ती उचलून देण्यास कोणी पुढे होत नाही. आई श्यामला ती उचलून देण्यास सांगते, आणि घरी येऊन स्नान कर असेही सांगते. लेखकाने ते स्नान लपविले नाही, म्हणून मला आईची दया खरी वाटते.

त्यांच्या लेखनात अश्रू फार, असे विद्वान म्हणत आले. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. 'धडपडणारी मुले' ह्या कादंबरीत पात्रे पुष्कळ वेळा व्याख्यान देऊ लागतात, व मीही काही पाने चाळून पुढे गेलो आहे.

परंतु त्यांचे अश्रू कागदावरच राहिले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून त्यांनी १ मे १९४७ पासून उपोषण केले, आणि १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर ते सोडिले. ज्यांच्या आज्यापणज्यांस देवळाच्या पायरीजवळही उभे राहू देत नसत, त्यांस ह्याचे मोल सांगावयास नको. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पण मन फार खचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपल्या जीवनाचा शेवट केला. त्याविषयी निवाडा करण्याचे धैर्य मजपाशी नाही. पुढे आचार्य अत्रे ह्यांनी 'श्यामची आई' चित्रपटरूपाने आणिली, व १९५४ साली त्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

मी पूर्वी लिहीत असे तेव्हा ओळीओळीस संस्कृत शब्द शोधीत बसे. खेड्यातल्या माणसाचे लिहिणे त्यावाचून कोणी छापणार नाही, असे वाटे. हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती वही मी बाजूस ठेविली. आता लिहिलेला कागद प्रथम घरच्या मुलांस वाचून दाखवितो, आणि ज्या शब्दावर ती अडतात तो खोडून टाकितो.