हेलिकॉप्टर नव्हतं तेव्हा हिमनदीच्या दारापर्यंत पायी गेलेले काकासाहेब कालेलकर

फाटा, सेरसी किंवा गुप्तकाशीहून हेलिकॉप्टरमध्ये बसलं, की आज काही मिनिटांत केदारनाथ येतं. चोराबारी हिमनदीच्या खालच्या अंगाला, सुमारे ३५८० मीटर उंचीवर. १९१२ साली एक मराठी शिक्षक या डोंगरांकडे निघाला, तेव्हा आगगाडी हरिद्वार-डेहराडूनपर्यंतच होती. पुढे सगळी पायवाट.

त्यांचं नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. जन्म १ डिसेंबर १८८५, साताऱ्याचा. आडनाव आलं ते सावंतवाडीकडच्या कालेली गावावरून. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन ते पदवीधर झाले. टिळकांच्या राजकारणाची ओढ होती, त्यातून ‘राष्ट्रमत’ या दैनिकात काम केलं. मग ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. तिथे शिक्षकांना घरातल्या नात्यांनी हाक मारायची पद्धत होती. कालेलकर झाले ‘काका’, आणि ते नाव जन्मभर चिकटलं.

शाळा राष्ट्रीय वळणाची होती, त्यामुळे इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपत होती. शेवटी सरकारी दडपणाखाली ती बंद पडली. हातातलं काम गेलं, देशकार्याची वाट दिसेना, मनात मोक्षाची ओढ. लग्न झालेला, पंचविशी ओलांडलेला हा माणूस हिमालयात निघाला. परत संसारात येईल की नाही, हा प्रश्न खराच होता. सोबत स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर होते.

त्या काळी चारधामची वाट चट्ट्यांवरून जायची. चट्टी म्हणजे वाटेवरचं साधं मुक्कामाचं ठिकाण: शिधा घ्यायचा, रांधायचं, झोपायचं, पहाटे पुढे निघायचं. ज्यांना चालवत नसे, ते डोलीत किंवा माणसाच्या पाठीवरच्या कंडीत बसत. ही चाल संथ होती, पण तिचा एक फायदा होता. साडेतीन हजार मीटरवर दर श्वासाला समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. रोज थोडं थोडं चढलं की शरीर त्याला सरावतं. हेलिकॉप्टर ही सवड देत नाही, म्हणूनच उतरल्यावर काहींचं डोकं दुखतं, धाप लागते.

यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी अशी ही यात्रा त्यांनी केली. महाडजवळ सावित्रीकाठच्या सवला गरम झऱ्यात अंघोळ केलेल्यांना यमुनोत्रीचं नवल वेगळ्या कारणाने वाटेल. तिथे भोवती बर्फाचे डोंगर, आणि कुंडाचं पाणी इतकं कढत की यात्रेकरू फडक्यात बांधून तांदूळ शिजवतात. बदरीनाथलाही देवळाखाली तप्तकुंड आहे.

हिमालयाने कालेलकरांना ठेवून घेतलं नाही. ते खाली आले. १९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि त्यांचं आयुष्य आश्रमाशी जोडलं गेलं. साबरमतीला, प्रवासानंतर काही वर्षांनी, त्यांनी तो सगळा प्रवास आठवणीतून लिहून काढला, आणि तोही गुजरातीत! पुढे ‘हिमालयनो प्रवास’ हे पुस्तक गुजराती प्रवासवर्णनाचा मानदंड ठरलं. मराठी माणसाने दुसऱ्या भाषेत एवढा मान मिळवल्याची उदाहरणं फार नाहीत. गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. नद्यांवर त्यांनी मराठीत ‘लोकमाता’ लिहिलं.

पुढची कारकीर्द मोठी आहे: गुजरात विद्यापीठाचं कुलगुरूपद, तुरुंगवास, राज्यसभा, १९५३ साली नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचं अध्यक्षपद, १९६४ साली पद्मविभूषण. २१ ऑगस्ट १९८१ रोजी ते गेले.

त्यांनी पाहिलेलं केदारनाथ आता तसं राहिलेलं नाही. देवळाच्या वर, हिमनदीच्या तोंडाशी चोराबारी ताल होता. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित झाला, म्हणून त्याला गांधी सरोवर म्हणू लागले. जून २०१३ मध्ये मुसळधार पाऊस आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी एकत्र साठलं. १७ तारखेच्या सकाळी हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा सैल बांध फुटला आणि काही मिनिटांत तलाव रिकामा होऊन केदारनाथवर कोसळला. पायवाट जागोजागी वाहून गेली. अडकलेल्या हजारो यात्रेकरूंना तेव्हा हेलिकॉप्टरनेच बाहेर काढावं लागलं.